महिनाअखेरीला ग्रिडवरची रात्रीची बॅच एसएलए चुकवते: कारण कसं शोधायचं, काय बदलायचं

तक्रार ठरलेली असते. महिन्यातल्या बहुतेक रात्री ग्रिडवरची (एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या समूहावरची) बॅच, म्हणजे रात्री आपोआप चालणारं मोठं काम, वेळेत संपते. महिनाअखेरीच्या दोन-तीन रात्री, आणि मधूनच एखाद्या साध्या रात्रीही, सकाळी सहाचा रिपोर्ट साडेसहा-सातला निघतो. आलेख उघडला तर रात्रभराचा सरासरी वापर ७० टक्क्यांच्या आसपास. व्यवसायाची माणसं म्हणतात मशीन वाढवा, इन्फ्राची माणसं म्हणतात आहेत तीच रिकामी पडलीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण एसएलए (काम किती वाजेपर्यंत द्यायचं याचा करार) ठरतो शेवटच्या टास्कवर आणि आलेख दाखवतो सरासरी.

खालचं लिखाण स्लर्म शेड्युलर (कुठलं काम कुठल्या मशीनवर कधी चालवायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम) धरून आहे. दुसरा शेड्युलर असेल तर सेटिंगची नावं बदलतील, कारणं तीच राहतील. हिशेबासाठी एक ग्रिड धरू: ४८ नोड (मशीन), प्रत्येकी ३२ कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १९२ जीबी मेमरी, म्हणजे एकूण १,५३६ कोअर. बॅचची वेळ रात्री ११ ते सकाळी ६, म्हणजे ४२० मिनिटं. काम पोर्टफोलिओच्या पुनर्मूल्यांकनाचं: रोज ६०,००० टास्क, प्रत्येकाला एक कोअर, सरासरी ८ मिनिटं. महिनाअखेरीला ७२,००० टास्क. शेवटी सगळे निकाल एकत्र करून रिपोर्ट बनवायला २५ मिनिटं, आणि ते काम एकाच मशीनवर चालतं.

आधी आलेखाचा आकार बघा

सरासरी वापराचा आकडा बाजूला ठेवा. रात्री ११ ते ६ दर मिनिटाला किती कोअर खरोखर चालू होते, याची रेषा काढा. त्यासाठी एसॲक्ट या स्लर्मच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमधून प्रत्येक जॉबच्या (शेड्युलरला दिलेल्या कामाच्या) सबमिट, एलिजिबल, स्टार्ट आणि एंड या वेळा, नोडचं नाव, स्टेट आणि एक्झिट कोड घ्या. इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. एक म्हणजे, पुन्हा रांगेत गेलेल्या जॉबचा एसॲक्ट फक्त शेवटचा प्रयत्न दाखवतो. आधीचे फसलेले प्रयत्न बघायला डुप्लिकेट्सचा पर्याय द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे वाया गेलेले तास हिशेबात येतच नाहीत. दुसरी, फक्त मुख्य नोंदी दाखवणारा पर्याय वेळांसाठी ठीक आहे, पण कमाल मेमरीचा आकडा स्टेपच्या (जॉबच्या आतल्या टप्प्याच्या) ओळीवर असतो. मेमरी तपासताना तो पर्याय काढून टाका.

एक चांगली रात्र आणि एक बिघडलेली रात्र यांच्या रेषा एकावर एक ठेवा. रेषा उशिरा वर चढते का, चढते पण १,५३६ च्या बरीच खाली सपाट राहते का, दातेरी आहे का, की शेवटी तिला लांब शेपूट आहे? या चार आकारांची कारणं वेगवेगळी आहेत. एकाच रात्री दोन आकार दिसले तर आधी शेपटीकडे बघा.

लांब शेपूट

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच. पंगत शेवटचा माणूस जेवून झाल्याशिवाय उठत नाही, तसा रिपोर्टही शेवटचं टास्क संपल्याशिवाय सुरू होत नाही.

साध्या रात्रीचं काम ६०,००० गुणिले ८, म्हणजे ४,८०,००० कोअर-मिनिटं. १,५३६ ने भागलं की साधारण ३१३ मिनिटं. वरची २५ धरली तरी ८० मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक. पण सरासरी ८ मिनिटं असली तरी एखाद्या मोठ्या पोर्टफोलिओचं टास्क ९५ मिनिटं घेतं. ते रांगेत शेवटी पडलं तर ३१३ अधिक ९५ अधिक २५, म्हणजे ४३३ मिनिटं. एसएलए चुकला, आणि शेवटचा दीड तास जवळपास अख्खी ग्रिड रिकामी. ते टास्क रांगेत कुठे पडेल हे फाइलमधल्या क्रमावर अवलंबून असतं, म्हणून साध्या रात्रीही मधूनच घोळ होतो आणि दुसऱ्या दिवशी तो परत करून दाखवता येत नाही.

उपाय जुना आहे: मोठी टास्क आधी. रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ साली दाखवलं की कुठल्याही क्रमाने कामं वाटली तर लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या जास्तीत जास्त दुपटीच्या किंचित आत राहतो. १९६९ साली त्यांनी दाखवलं की मोठ्यापासून लहानाकडे वाटत गेलं तर तीच मर्यादा चार तृतीयांशाच्या आत येते. प्रत्यक्षात हजारो टास्क असतात तेव्हा फरक याहूनही चांगला पडतो. करायचं इतकंच:

१. काल रात्री प्रत्येक पोर्टफोलिओला लागलेला वेळ एका तक्त्यात साठवा.
२. आजची यादी त्या वेळेनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि मगच जॉब ॲरे (एकदम सबमिट केलेला अनेक टास्कचा संच) बनवा.
३. ज्याचा इतिहास नाही ते टास्क मोठं समजून सुरुवातीला टाका. महिनाअखेरीला नवे पोर्टफोलिओ येतात आणि बहुतेक ठिकाणी ते यादीच्या तळाशी जोडले जातात. ते थांबवा.
४. ३० मिनिटांहून लांब टास्क फोडता येतं का बघा. मॉन्टे कार्लो (रँडम आकड्यांनी अनेक शक्यता चालवून उत्तर काढण्याची पद्धत) असेल तर १०,००० पाथचे (शक्यतांचे) १,००० चे दहा तुकडे होतात, पण प्रत्येक तुकड्याला रँडम नंबरचा स्वतंत्र प्रवाह द्या. दहाही तुकड्यांना एकच सीड (रँडम नंबरची सुरुवात ठरवणारा आकडा) गेलं तर तेच आकडे दहा वेळा मोजले जातात. उत्तर बरोबर वाटतं, पण अचूकता १,००० पाथपुरतीच राहते.

टास्क छोटं असूनही एखाद्या नोडवर अडकून पडतं तेव्हा क्रम बदलून उपयोग नाही. प्रत्येक नोडसाठी कालच्या वेळेशी आजच्या वेळेचं गुणोत्तर काढा आणि त्याचा मध्यक बघा. बाकी नोड १ च्या आसपास असताना एखादा १.४ वर असेल तर तो आजारी आहे. सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) बायोस अपडेटनंतर वीज-बचतीवर गेलेला, पंखा बंद पडून सीपीयू तापलेला, किंवा एक मेमरी पट्टी गळून चॅनेल कमी झालेला, ही नेहमीची तीन कारणं. असा नोड ड्रेन करा, म्हणजे त्याला नवं काम देणं थांबवा. ३२ हळू कोअर ठेवण्यापेक्षा ते नसलेले बरे.

याशिवाय, रांग रिकामी झाली आणि कोअर मोकळे पडले की अजून चालू असलेल्या टास्कची दुसरी प्रत वेगळ्या नोडवर सुरू करा. जी आधी संपेल ती घ्या, दुसरी मारून टाका. गूगलच्या २००४ च्या मॅपरिड्यूस निबंधात हीच युक्ती बंद केल्यावर सॉर्टच्या चाचणीला ४४ टक्के जास्त वेळ लागल्याची नोंद आहे. मात्र दोन प्रती एकाच फाइलवर लिहू लागल्या तर निकाल बिघडतो. म्हणून प्रत्येक प्रतीने त्याच फाइल सिस्टिमवर तात्पुरत्या नावाने लिहावं आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलावं.

रेषा वर जात नाही, सपाट राहते

जॉब रांगेत आहेत, कोअर मोकळे आहेत, तरी सुरू होत नाहीत. एसक्यू या रांग दाखवणाऱ्या कमांडमध्ये थांबलेल्या जॉबसमोरचं कारण वाचा आणि कारणानुसार मोजा, कुठलं किती वेळा आलंय.

कारण 'रिसोर्सेस' असेल आणि कोअर मोकळे दिसत असतील तर बहुतेक वेळा मेमरी भरलेली असते. महिनाअखेरीचे काही पोर्टफोलिओ मोठे, म्हणून कुणीतरी सगळ्याच टास्कची मागणी ८ जीबी केलेली असते. १९२ भागिले ८ म्हणजे एका नोडवर २४ टास्क, आणि उरलेले ८ कोअर रात्रभर रिकामे. सगळ्या ग्रिडवर १,५३६ ऐवजी १,१५२ कोअर, म्हणजे बरोबर ७५ टक्के. महिनाअखेरीच्या ५,७६,००० कोअर-मिनिटांना मग ३७५ ऐवजी ५०० मिनिटं लागतात. कमाल मेमरीचा खरा आकडा काढा. तो ५ जीबीच्या आत असेल तर ५.५ जीबी मागा, ३२ टास्क आरामात बसतील. खरोखर मोठी जी दोन-तीनशे टास्क आहेत त्यांचा वेगळा ॲरे करा आणि ८ जीबी फक्त त्यालाच द्या.

कारण 'लायसन्सेस' असेल तर हिशेब सोपा आहे. किंमत काढणाऱ्या लायब्ररीची ४०० लायसन्स असतील तर तुमची ग्रिड ४०० कोअरची आहे, नोड कितीही घ्या. त्याहून वाईट स्थिती म्हणजे शेड्युलरला लायसन्सची माहितीच नाही. मग जॉब सुरू होतात, लायसन्स मिळत नाही म्हणून पडतात, पुन्हा रांगेत जातात, आणि रेषा सपाट न दिसता दातेरी दिसते. लायसन्सची संख्या स्लर्मच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहा आणि प्रत्येक जॉबने ती मागितलीच पाहिजे असं करा.

'प्रायॉरिटी' हे कारण दिसलं तर एसप्रायो या प्रायॉरिटीचा हिशेब दाखवणाऱ्या कमांडचा सविस्तर तक्ता काढा. महिनाअखेरीचा नेहमीचा दोषी फेअरशेअर असतो. जो खातेदार जास्त वापरतो त्याचा क्रम खाली ढकलणं हे फेअरशेअरचं काम, आणि जुना वापर विसरण्याचा अर्धकाळ मुळात ७ दिवसांचा असतो. रोज रात्री पावणेपाच लाख कोअर-मिनिटं खाणारं बॅचचं खातं त्यामुळे महिनाअखेरीला, नेमकं गरजेच्या वेळी, संशोधनाच्या जॉबच्या मागे उभं असतं. विद्यापीठाच्या क्लस्टरवर हे धोरण योग्य आहे. जिथे करार झालाय तिथे नाही. बॅचला वेगळा क्यूओएस (जॉबचा सेवास्तर) द्या आणि वजनं अशी ठेवा की क्यूओएस बाकी सगळ्यांवर मात करेल: क्यूओएस १,००,०००, फेअरशेअर १०,०००, एज (रांगेत थांबलेला वेळ) १,०००. प्रत्येक घटक ० ते १ च्या दरम्यान असतो, त्यामुळे फेअरशेअर पूर्ण मिळाला तरी क्यूओएसची बरोबरी होत नाही.

प्रायॉरिटीने रांगेतला क्रम बदलतो, चालू जॉब हटत नाहीत. ११ वाजता संशोधनाचे जॉब ४०० कोअर अडवून बसले असतील तर दोन मार्ग आहेत. क्यूओएसनुसार प्रीएम्प्शन (वरच्या कामासाठी चालू जॉब हटवणं) चालू करून ते पुन्हा रांगेत टाका. नुसतं सस्पेंड करू नका, सस्पेंड केलेला जॉब मेमरी सोडत नाही. किंवा रोज रात्री ११ चं आवर्ती रिझर्व्हेशन ठेवा, म्हणजे त्या वेळेपर्यंत न संपणारा जॉब आधी सुरूच होणार नाही. दुसऱ्या मार्गात कुणाचं काम मारलं जात नाही, पण तो तेव्हाच परवडतो जेव्हा सगळ्या जॉबना खरी वेळमर्यादा दिलेली असते. सगळ्यांची मर्यादा सरसकट २४ तास असेल तर बॅकफिल (मधल्या रिकाम्या वेळात छोटे जॉब बसवण्याची सोय) एकही छोटा जॉब मध्ये बसवू शकत नाही आणि ग्रिड संध्याकाळपासूनच रिकामी होत जाते. रविवारी पहाटेच्या मेंटेनन्समुळे शनिवारची बॅच अडकते त्याचंही कारण हेच: काम ८ मिनिटांचं, मर्यादा एक दिवसाची. बॅचच्या टास्कला ३० मिनिटांची मर्यादा द्या. काही टास्क त्याहून लांब असतील तर त्यांच्या कालच्या वेळेच्या दुप्पट.

रेषा उशिरा चढते

टास्क सबमिट होण्याआधीच वेळ गेला का, की सबमिट करताना? सबमिट करतानाचं कारण महिनाअखेरीला ठळकपणे वर येतं. स्लर्म एका वेळी किती जॉब लक्षात ठेवेल याची मूळ मर्यादा १०,००० आहे, आणि ॲरेमधलं प्रत्येक टास्क त्यात मोजलं जातं. ॲरेचा मूळ आकार १,००१, म्हणजे सर्वांत मोठा क्रमांक १,०००. मर्यादा भरली की सबमिट करणारी स्क्रिप्ट थांबून-थांबून प्रयत्न करत राहते, आणि यादीतली शेवटची टास्क तासाभराने रांगेत येतात. मग मोठ्यापासून लहानाकडे लावलेला क्रमही अर्धवटच लागू पडतो. मर्यादा १,००,००० करा. जॉबसंख्येची मर्यादा बदलल्यावर कंट्रोलर (स्लर्मचा मुख्य प्रोग्रॅम) रीस्टार्ट करावा लागतो, नुसतं रीकॉन्फिगर पुरत नाही.

आमचं मत विचाराल तर एसएलए असलेल्या कामासाठी ७२,००० जॉब शेड्युलरवर टाकूच नयेत. ४८ जॉब टाका, प्रत्येकाला अख्खा नोड, आणि त्यात ३२ वर्कर स्वतंत्र रांगेतून एकेक टास्क उचलतील. क्रम, पुन्हा प्रयत्न, दुसरी प्रत, सगळं त्या रांगेत तुमच्या हातात राहतं आणि शेड्युलरवरचा भार जवळपास शून्यावर येतो. उचललेलं टास्क अपेक्षित वेळेच्या तिपटीत परत आलं नाही तर ते आपोआप रांगेत जाईल, एवढी सोय मात्र करावी लागते. अशा रचनेत जॉबची वेळमर्यादा रात्रभराची ठेवावी.

डेटाच उशिरा आला असेल तर कॅलेंडर बघा. पुण्या-मुंबईतून लंडन किंवा न्यूयॉर्कच्या डेटावर बॅच चालवणाऱ्यांना हे दरवर्षी गाठतं. लंडनचे संध्याकाळचे पाच उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. न्यूयॉर्कचे पाच उन्हाळ्यात आपले पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. ब्रिटन घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. भारतात घड्याळ बदलत नाही, म्हणून करारात 'सकाळी ६' लिहिलेलं तसंच राहतं आणि चार-पाच महिने रोज एक तास कमी पडतो. करारात 'शेवटची फाइल आल्यापासून ७ तास' असं लिहून घ्या, आणि फाइल आल्याची वेळ मशीनने नोंदवू दे.

सुरुवातीची झुंबड हाही उशीरच, फक्त तो आलेखात दिसत नाही, कारण कोअर व्यापलेले असतात. १,५३६ टास्क एकाच क्षणी सुरू होतात आणि प्रत्येक जण सामायिक स्टोअरवरून ६०० एमबीची बाजारभावाची फाइल स्वतःसाठी उतरवतो. एकूण ९२१.६ जीबी. स्टोअरची लिंक १० गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर १.२५ जीबी. सव्वाबारा मिनिटं एकही आकडा मोजला जात नाही. तीच फाइल प्रत्येक नोडवर एकदाच उतरवली तर २८.८ जीबी, २३ सेकंद. नोडवरच्या पहिल्या टास्कने लॉक घेऊन फाइल उतरवायची, बाकीच्यांनी लॉक सुटेपर्यंत थांबायचं.

दातेरी रेषा

एखादा नोड टास्क घेतो, दोन सेकंदांत एररसह संपवतो आणि लगेच पुढचं मागतो. माउंट (सामायिक स्टोअरची जोडणी) निसटलेला असतो किंवा लोकल डिस्क भरलेली असते. बाकी नोड ८ मिनिटांत एक टास्क करत असताना हा एकटा रांगेतली शेकडो गिळतो. दहा सेकंदांच्या आत संपलेली टास्क नोडनुसार मोजा, नाव लगेच समोर येतं.

स्लर्मची हेल्थ चेकची सोय मुळात बंद असते. ती दर ५ मिनिटांनी चालेल अशी करा. माउंट, डिस्कवरची मोकळी जागा आणि मेमरीचा आकार एवढं तपासलं तरी पुष्कळ. प्रोलॉगमध्येही (जॉबच्या आधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्येही) तीच तपासणी ठेवा: प्रोलॉग फसला की नोड ड्रेन होतो आणि जॉब रांगेत परत जातो. मात्र तो जॉब होल्ड स्थितीत जातो, आणि कुणी सोडवला नाही तर सकाळपर्यंत तसाच पडून राहतो. होल्ड होऊ नये यासाठी शेड्युलर पॅरामीटर्समध्ये वेगळा पर्याय आहे, तो लावा.

क्षमता आणि कराराचे शब्द

वरचं सगळं दुरुस्त झाल्यावरच मशीन वाढवायची की नाही हा प्रश्न विचारावा. महिनाअखेरीचा हिशेब: ३७५ मिनिटं, शेवटच्या छोट्या टास्कची ८, रिपोर्टची २५. एकूण ४०८. एक नोड गेला तर ४१६. दोन गेले तर ४२४, एसएलए चुकला. म्हणजे ही ग्रिड महिनाअखेरीला एका नोडचा बिघाड सोसते, दोन नोडचा नाही. हे वाक्य असंच व्यवसायाच्या माणसांसमोर ठेवा. खर्चाचा निर्णय त्यांना त्यावर घेता येतो, ७० टक्के वापराच्या आलेखावर नाही. नोड विकत घेण्याआधी २५ मिनिटांचा रिपोर्ट फोडता येतो का तेही बघा. तिथे वाचवलेली १० मिनिटं १,५३६ कोअरच्या हिशेबात १५,३६० कोअर-मिनिटांच्या बरोबरीची आहेत.

करारात 'ग्रिड ९९ टक्के उपलब्ध' असं लिहू नका. ३० दिवसांच्या महिन्याचा एक टक्का म्हणजे ७.२ तास, एका पूर्ण रात्रीहून जास्त. अख्खी बॅच बुडाली तरी करार पाळला गेला असं कागदावर दिसेल. किती रात्रींपैकी किती रात्री रिपोर्ट वेळेत, हेच मोजा.

रात्रीच कळलं पाहिजे

दर ५ मिनिटांनी एक आकडा काढा: उरलेली कोअर-मिनिटं भागिले चालू कोअर, अधिक उरलेल्यातलं सर्वांत लांब टास्क, अधिक रिपोर्टची २५. पहाटे अडीचला २१० मिनिटं हातात असतात. तेव्हा २,९०,००० कोअर-मिनिटं उरली असतील तर १८९ अधिक ८ अधिक २५, म्हणजे २२२. ॲलर्ट तेव्हाच वाजला पाहिजे, साडेपाचला नाही. अडीचला संशोधनाचे जॉब हटवता येतात आणि क्लाउडवरून नोड आणता येतात.

क्लाउड नोड आणताना एक सेटिंग आधीच बघून ठेवा. नोड उठायला किती वेळ द्यायचा याची स्लर्मची मूळ मर्यादा ६० सेकंद आहे. क्लाउडवरचं मशीन सुरू होऊन, माउंट लागून तयार व्हायला कित्येक मिनिटं जातात. तोवर स्लर्म त्याला डाउन ठरवून मोकळा होतो आणि तुम्ही न वापरलेल्या मशीनचं भाडं भरत राहता. मर्यादा ६०० करा, आणि आठवड्यातून एकदा दिवसाढवळ्या दोन नोड खरोखर उठवून त्यांच्यावर २० टास्क चालवून बघा.